रांगेतला तिसरा आत्मा

कृष्णेच्या पुरात पाण्याची मोटर काढायला गेलेला बायडाचा नवरा परतलाच नव्हता. मढंसुद्धा सापडलं नाही. सात वर्षं सासू कानीकपाळी ओरडत होती, "पूस ते कुंकू, माझं लेकरू गेलं." बायडा पुसायची नाही. "हाय त्यो कुठंतरी," एवढंच म्हणायची. आज दोघी शेजारच्या मेहमुदाभाभीच्या घरी बसल्या होत्या, टीव्हीवर मेलेल्यांची मालिका लागली होती. यमाच्या दारात पांढऱ्या कपड्यातले आत्मे रांगेनं उभे. तिसरा वळला आणि बायडा टीव्हीजवळ सरकली. डाव्या भुवईवर विळ्याचा तोच वण. अंगानं मात्र भरलेला. "आमचा आकाराम!" सासू किंचाळली. "ममईत नाटकात काम करतोय की! तुझंच खरं झालं गं, जित्ता हाय माझा ल्योक!" मेहमुदाभाभी साखर आणायला धावली. बायडानं पडद्याकडं बघत पदरानं कुंकू खसाखसा पुसलं. "न्हाय आत्ती. जित्ता असता तर घरला आला असता."