जुनी ड्रॅगनगाडी

वडील, म्हणजे अण्णा, गेल्यानंतरच्या पहिल्या यात्रेला मोहिनी ओतूरला एकटीच आली. नव्या, उंच पाळण्यांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ रंग उडालेल्या ड्रॅगनगाडीत जाऊन बसली. लोखंडी रुळांवर चढ-उतार करत धावणारी ही गाडी तिच्या लहानपणापासूनची. पुण्यातल्या मैत्रिणींना ती नेहमी सांगायची, "नवे खेळ नुसते घाबरवतात. आमची गाडी उतारावरसुद्धा माणसाला सांभाळून नेते. खरी क्लासिक म्हणतात ती हीच." अण्णा स्वतः कधी गाडीत बसले नाहीत. ते खाली गर्दीत उभे राहून तिच्याकडे बघत असायचे.

आज मात्र पहिल्याच उताराला गाडी सुसाट सुटली. पुढच्या वळणावर ओढणी तोंडावर आली, आणि मग तिने डोळे घट्ट मिटून दांडा धरून ठेवला. गाडी थांबल्यावर ती उतरली.

"दादाभाऊ, नवीन इंजिन बसवलंत का?" तिने गाडीवाल्याला विचारलं.

"कुठलं नवीन, ताई? तुमच्या जन्माआधीचं हाय ते." फडक्याला हात पुसत तो हसला. "गाडी पहिल्यापास्नं अशीच पळती. तुमी बसला की अण्णा खालनं मला हात करायचे, 'दमानं घे, पोरगी हाय.'"

मग गर्दीकडे नजर टाकत म्हणाला, "आज बी मी बघत व्हतो, पण कुणी हातच केला न्हाई."