चौदावी जागा

वामन केळुसकरांनी कर्नल सुर्व्यांच्या तेराही गोल्फ स्टिक्स टेबलावर ओळीने मांडल्या. दांड्यांतली वजनं आपोआप सरकायची आणि हात कसाही पडला तरी फटका सारखाच बसायचा. हा संच वामनरावांनीच जुळवून दिला होता. पण दोन वर्षांत सगळी वजनं पार टोकाला जाऊन पोचली होती.

"कर्नलसाहेब, फटका आजही तोच आहे," ते चाचरत म्हणाले, "पण मारतेय ती स्टिक. हात थरथरतोय तुमचा."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर आलोय," सुर्वे म्हणाले. "गोल्फच्या नियमाने पिशवीत चौदा स्टिक्स चालतात ना? एक जागा रिकामी आहे."

वामनरावांनी टेप उचलली. "किती लांबीची करू?"

सुर्व्यांनी खिशातून जेवणाचा चमचा काढला आणि तेराव्या स्टिकशेजारी ठेवला.