खिळ्याला पाणी

ऋतिकाने हिरवी वायर जराशी ओढली आणि ती मुळासकट हातात आली. टोकाला वीतभर लांबीचा गंजका खिळा बांधलेला होता. आबाजींच्या पिठाच्या गिरणीचं अर्थिंग ते एवढंच.

"हे काय आहे, काका?"

"अर्थिंग," आबाजी म्हणाले. "रोज सकाळी तांब्याभर पानी घालतो मी. एक दिस चुकवला नाय."

खिळ्याला पाणी घालून पालवी फुटत नाही, हे जन्मभर शेती केलेल्या माणसाला सांगायचं तरी कसं? ऋतिका वैतागली. गिरणीला वेगळं मीटर हवं होतं आणि परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनच्या सहीशिवाय वीज कार्यालय अर्ज घेत नव्हतं, म्हणून आबाजींनीच तिला लोधिवलीहून दहिवलीला बोलावून घेतलं होतं. आणि आल्यापासून ते तिच्याकडे वीजचोर आल्यासारखं बघत होते.

"बसवलं कोणी?"

"सुनीलनं. पुतन्या हाय माझा. रसायनीला कंपनीत असतो. एका कोंबडीच्या जेवनावर सगळी वायरिंग करून दिली त्यानं."

"कोंबडी फुकट गेली."

ती गिरणीच्या खोलीकडे निघाली तसे आबाजी दारात आडवे झाले. "बूट काढ. आत लक्ष्मी हाय. माझी सूनबी चपला घालून जात नाय आत."

"हे कामाचे रबरी बूट आहेत. निघणार नाहीत," म्हणत ऋतिका त्यांच्या हाताखालून आत शिरलीसुद्धा. तिने गिरणी चालू केली आणि तिच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला.

"दिसलं? पत्र्यात करंट उतरतोय."

"टेस्टर खराब असंल तुझा."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिने खर्च सांगितला. नवा खड्डा, तांब्याचा रॉड, जुनी वायर बदलणं, मजुरी, सगळं मिळून नऊ हजार. सामान त्यांनी स्वतः पावतीसकट आणलं तरी चालेल. काम झाल्यावर ती सही करेल, आधी नाही.

"नऊ हजार!" आबाजी कडाडले. "पाचशे टेकवले का घरबसल्या सही मिळते लोकांना. बाईमानसाला लायसन दिलं कोनी, तेच कळत नाय."

"परीक्षा घेऊन दिलंय. आणि पाचशेच्या सहीला हात लावला तर करंट लागत नाही, काका. गिरणीला लावला तर लागतो."

"दिवाळीपास्नं माझी सून दळते हितं. मेली का?" आबाजींचा आवाज आता शेजारपाजारी ऐकू जात होता. "छाया! ये गं हिकडं. लाव गिरणीला हात. दाखव हिला."

छाया पदराला हात पुसत आली. पोत्यांच्या मागे वाकून तिने एक लाकडी पाट ओढून काढला, गिरणीसमोर ठेवला, त्यावर उभी राहिली आणि पत्र्यावर तळवा ठेवला. तिला काहीच झालं नाही.

आबाजी पाटाकडे बघत राहिले. तो त्यांचा जेवायचा पाट होता. दिवाळीपासून सापडत नाही म्हणून त्यांनी कितीदा तरी घर डोक्यावर घेतलं होतं.

"माझा पाट?"

"चपला घालून यायचं नाय ना आत," छाया म्हणाली. "पयल्याच दिवशी झटका बसला. तुमाला सांगितलं, तं तुमी म्हनलात, काम टाळायची नाटकं करते. मंग हा घेतला."

ती पाटावरून उतरली आणि तिने तो बाजूला सारला. पायाने. जेवायच्या पाटाला सुनेचा पाय लागलेला आबाजींनी पाहिला.

"आता तुमी लावा हात, आबा."

मोटर घरघरत होती. आबाजींनी ऋतिकाकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून उभी होती, आणि तिला त्यांची अजिबात दया येत नव्हती.

"लावतो की! मी काय भितो का कुनाच्या बापाला?" असं म्हणत ते तरातरा बाहेर गेले.

परत आले तेव्हा त्यांचा हात पुढे होता आणि पायांत चपला होत्या.

छायाने त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि मेन स्विच बंद केला. मग कोपऱ्यातली कुदळ उचलून तिने सासऱ्यांच्या त्या पुढे आलेल्या हातात दिली.

"खड्डा किती खोल खनायचा, ते ताई सांगतील."