दसऱ्याला बसवलेलं कार्ड

बीप. बीप. बीप.

कॉम्प्युटर पुन्हा तीनदाच वाजला आणि पडदा काळाच राहिला. ऊर्मिलाने नवं ग्राफिक्स कार्ड काढून जुनं परत लावून पाहिलं, तरी तेच. म्हणजे बिघाड कार्डात नव्हता, आत होता. आणि आत हात तिनेच घातला होता.

तिचे सासरे, अण्णा, दारातच उभे होते. अकरा वर्षांत त्यांनी काढलेल्या पैठणीच्या साऱ्या नक्ष्या फक्त कॉम्प्युटरच्या त्या डब्यात होत्या. आता त्यांचा हात थरथरायचा. पुन्हा काढणं होणार नव्हतं.

"मेलं का गं ते?" त्यांनी हळूच विचारलं. "पूजासुद्धा केली मी. जुनं कार्ड काढून तू चहाला गेलीस ना, तेवढ्यात उघड्या डब्यावर मूठभर अक्षता वाहिल्या. दसरा आहे."

ऊर्मिला झटकन डब्याकडे वळली. तिने वायर काढली, कार्ड उपसलं आणि मोबाइलचा उजेड ते बसायच्या खाचेत धरला. तळाशी कुंकवाने लाल झालेला एक तांदूळ रुतून बसला होता. त्याच्यामुळे कार्ड खालपर्यंत जातच नव्हतं. केसातल्या पिनेने तिने तो उचकटला, गुपचूप ओढणीच्या टोकात गुंडाळला आणि नवं कार्ड दाबलं. खट्.

बीप.

एकदाच. मग पडद्यावर अण्णांनी काढलेला मोर उजळला.

"नीट बसलं नव्हतं, अण्णा. माझीच चूक."

अण्णांनी डोळे पुसले आणि हात पुन्हा अक्षतांच्या वाटीकडे नेला.

ऊर्मिला दोन्ही हात पसरून डब्यावर ओणवी झाली. "आधी झाकण लावू द्या."