माती चालते

“चाची, धरणच आटलंय. मी काय डोळ्यांतून पाणी काढून देऊ?” पाणीपुरवठ्याच्या बाबूने चहा बशीत ओतत विचारलं. कुलसुमबीच्या गल्लीत तीन महिने नळाला फक्त हवा येत होती आणि नगरपालिकेत तिचा हा सातवा हेलपाटा होता.

तेवढ्यात दुपारची अजान झाली. “नमाजाआधी वुजू करायचंय. हात-तोंड धुवायला पाणी द्या,” ती म्हणाली.

“ऑफिसातही थेंब नाही,” बाबूने भुरका मारून सांगितलं.

“असू दे. पाणी नसलं की आमच्यात माती चालते.” तिने ढिगातून आपल्याच अर्जाची फाईल ओढली. अर्ज जागचा हललाच नव्हता, त्यामुळे धूळ उत्तम प्रतीची होती. फाईलवर दोन्ही तळवे टेकवून तिने ते तोंडावरून फिरवले, पुन्हा टेकवून हातांवरून फिरवले. धुळीत दोन पंजे ठसठशीत उमटले. अख्खी रांग हसली. कुणीतरी मोबाइल काढला.

बाबू ताडकन उठला आणि साहेबांच्या केबिनमधून थंड पाण्याचा जार स्वतः उचलून घेऊन आला. “घ्या, पण हे नाटक आवरा!”

“पाणी दिसलं की मातीची शुद्धी मोडते, बाबा.” कुलसुमबीने शांतपणे बाह्या वर केल्या. “आता वुजू पाण्यानेच. आणि इथं पाणी आहे म्हटल्यावर गल्लीतही कुणाला माती चालायची नाही. उद्यापासून सगळे इथंच येऊ. दिवसातून पाच वेळा.”