दोन चिठ्ठ्या

सर्व्हेवाल्या शाहीननं रक्ताचा पाचवा थेंब कार्डावरच्या गोलात उतरवला आणि कौशल्याच्या बोटावर कापूस दाबून धरला. मग कार्डाच्या कोपऱ्यात आकड्यांची पट्टी चिकटवून ते वाळायला ठेवलं.

"नाव नाई टाकलं?" कौशल्यानं विचारलं.

"कोणाचंच नाई टाकत, ताई. रक्त कोणाचं, हे पुढं कोणालेच समजत नाई."

"मंग मले कसं समजन?"

पातूर तालुक्यातलं हे शाहीनचं सहावं गाव. सुई टोचायच्या आधी सगळं वाचून दाखवायचं असतं, तसं तिनं दाखवलंही होतं. पण छापील कागद ऐकताना माणसं नुसती मान हलवतात. प्रश्न पडतो तो रक्त निघाल्यावर.

"यातून नाई समजनार," ती म्हणाली. "हा देशभराचा सर्व्हे आहे. एचआयव्ही किती लोकायले आहे, तपासणीवर, औषधावर सरकार पैसा लावून राहिलं तो कामी येते का नाई, ते पाह्यतात."

"म्हंजे दिल्लीले समजन," कौशल्या हळूच म्हणाली, "आन मले नाई."

तिचा नवरा गेल्या पोळ्याच्या सुमारास गेला होता. दवाखान्याच्या कागदावर टीबी लिहिलं होतं. शाहीनच्या फॉर्मात तेवढ्याला जागा नव्हती. तिथं फक्त होतं : विधवा, वय एकतीस.

शाहीननं बॅगेतून छापील चिठ्ठी काढली. "ही घेऊन अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात जा. तपासणी फुकट. काय निघालं ते तुमालेच सांगतीन. अन् असलंच, तं गोळ्या आहेत आता. माणूस वर्षानुवर्षं जगते."

कौशल्यानं हात पुढं केला नाही. "तितल्या तपासनीच्या खोलीपुढं गावातल्या कोनी पाह्यलं तं? कापूस येचाले बी कोनी बोलावनार नाई मले."

दाराशी तिची सासू तानुबाई मूग पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, उठून आली आणि शाहीनपुढं बोट धरलं.

"माया बी घे."

"आजी, एकोणपन्नासच्या वरच्या बायांचं नाई घेत आमी."

"मायं वय कोनं मोजलं?"

शाहीनला हसू आलं. "नियम आहे, आजी."

"आन त्या चिठ्ठीले वयाची अट हाय का?"

शाहीनला चिठ्ठी पाठ होती, तरी तिनं ती उलटून पाहिली. "नाई."

"मंग दोन दे. कोनी इचारलं तं सांगू, बुढीचं दुखून राहिलं, सून दाखवाले घेऊन गेली."

"आई, तुमी कायले..." कौशल्या म्हणाली.

"लेकाच्या वक्ती दुखनं लपवत बसलो," तानुबाई म्हणाली. तिनं सुनेचा हात धरला. "तू चाल मायासंग."

चिठ्ठी रक्त देणाऱ्यालाच द्यायची, तीही एकच, असं शाहीनला सांगितलेलं होतं. तिनं दोन दिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाहीन पुढच्या गावाला जायला पातूरच्या स्टँडवर उभी होती. अकोल्याच्या एसटीकडे त्या दोघी येताना दिसल्या. तानुबाई सुनेच्या खांद्यावर भार टाकून लंगडत होती, दर दोन पावलांना 'माय वं' म्हणत होती. मागून त्यांच्याच गावच्या बाया चढत होत्या. शाहीननं ओळख दाखवली नाही.

"आजीले काय झालं?" कंडक्टरनं हात देत विचारलं.

"काय नाई झालं ते इचार!" तानुबाई खणखणीत बोलली.

मागच्या बाया हसल्या. कंडक्टरही हसला. "खिडकीत बसा आजी, हवा लागन."

तानुबाईनं कौशल्याला आधी आत सरकवलं, खिडकीशी बसवलं. मग येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे तोंड करून, पदर ऐसपैस पसरून, ती स्वतः तिचा आडोसा होऊन बसली.