गोफरसाठी बंदूक

"महाग आहे," कॉलिन म्हणाला आणि बंदूक काउंटरवरून मागे सरकवली.

"पैसे मी देणार आहे," रोनाल्ड म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय. पैशाची अक्कल तुला कधी होती?"

कॅनडातल्या रेजिना शहराबाहेरचं बंदुकांचं दुकान. २०१७चा नोव्हेंबर. पार्किंगमध्ये घोट्याएवढा बर्फ. मेव्हिसच्या मयतीनंतर हे दोघे आज पहिल्यांदाच एकत्र आले होते, तेही रोनाल्डचा ट्रक सुरू होईना आणि कॉलिनच्या ट्रकला विंटर टायर होते म्हणून. मेव्हिस ही रोनाल्डची बायको, कॉलिनची धाकटी बहीण. रोनाल्डने तिला शहराबाहेर कुरणावर नेऊन ठेवलं आणि ॲम्ब्युलन्सला घरच सापडेना, असं कॉलिनचं म्हणणं. ते त्याने चर्चमध्ये, शवपेटीपाशी उभं राहून, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मांडलं होतं. रोनाल्डने तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. अजूनही दिलं नव्हतं.

कॉलिनचा चिक्कूपणा वसईपासून टोरंटोपर्यंत ठाऊक होता. तो कुणाला फोन करत नसे. दुसऱ्याचा येईपर्यंत थांबे. आज सकाळी रोनाल्डने मेव्हिसच्या हातच्या मसाल्याची बाटली त्याच्या हातात ठेवली. "घे. मला काय करायचीय?" कॉलिनने आभार मानले नाहीत. झाकण घट्ट आहे की नाही तेवढं पाहिलं.

दुकानदार ओरेस्ट, पांढऱ्या मिशांचा, पिढीजात इथलाच. त्याने तीन बंदुका काढून ठेवल्या होत्या. "कुरणातल्या गोफरसाठी पॉइंट टू-टूची हलकी बंदूक पुरे. काडतूस स्वस्त, आवाज बेताचा."

"बिळं करकरून कुरणाची चाळण केलीय," रोनाल्ड म्हणाला. "उन्हाळ्यात एका शेळीचा पाय मोडला."

"मग वर नेमासाठी स्कोप लावून देतो. खारीएवढं जनावर, लांबून टिपावं लागतं."

"स्कोप नको."

"काडतुसं? लोक खोक्याने नेतात."

"एक डबी पुरे."

"अख्खं कुरण पोखरलंय म्हणतोस आणि एक डबी?" कॉलिन हसला. ते हसणं चांगलं नव्हतं.

"माझा नेम चांगला आहे."

"तुझा? चर्चच्या जत्रेत एक फुगा फुटत नव्हता तुझ्याच्याने. मेव्हिस फोडायची आणि बक्षीस हातात धरून फोटो तू काढायचास."

रोनाल्डने सगळ्यात जुनी, सगळ्यात स्वस्त बंदूक पुढे ओढली, लायसन्स आणि कार्ड काउंटरवर ठेवलं. किंमत विचारली नाही. दुधाच्या पिशवीमागे दहा सेंट वाचतात म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणारा हा माणूस. घासाघीस तर सोडाच, त्याने दस्त्याला लटकलेली चिठ्ठीसुद्धा उलटून पाहिली नाही.

कॉलिनने मात्र ते पाहिलं. तो ओरेस्टकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "आमचे हे जावईबापू मोठे हिशेबी. गेल्या आठवड्यात सगळ्या शेळ्या विकल्या. परवा कुत्रा शेजाऱ्याला देऊन टाकला. आणि आज गोफर मारायला बंदूक घेतायत."

ओरेस्टचा हात कार्डाच्या मशीनवर थांबला. त्याने खिडकीबाहेर पडणारा बर्फ पाहिला. मग रोनाल्डकडे पाहिलं. जन्मात स्वतःच्या मालाला नाव न ठेवलेल्या त्या माणसाने घसा खाकरला.

"हिचा बोल्ट अडकतो."

"आत्ता तर चालत होता."

"आत्ताच लक्षात आलं."

"मग ती मधली द्या."

"ती विकली गेलीय. टॅग लावायचा राहिला."

"तिसरी?"

"महाग आहे," कॉलिन आणि ओरेस्ट एकदमच म्हणाले.

"महाग तर महाग!" रोनाल्डने मूठ आपटली. "द्या!"

"काडतुसं संपलीत," ओरेस्ट म्हणाला. त्याच्या पाठीमागे काडतुसांची खोकी छतापर्यंत रचलेली होती.

"तुम्हाला धंदा करायचाय की नाही?"

"आज नाही," ओरेस्ट म्हणाला आणि लायसन्स, कार्ड हळूच परत सरकवलं.

रोनाल्डने ट्रकचं दार आपटून लावलं. "समाधान झालं? बहिणीचा सूड उगवलास? एक साधी वस्तू घेऊ दिली नाहीस मला."

वायपर बर्फ ढकलत राहिले. मसाल्याची बाटली दोघांच्या मधे सीटवर लवंडून पडली होती. कुरणाकडे जाणारा फाटा आला आणि मागे गेला.

"वळण गेलं."

"जाऊ दे. माझं बेसमेंट रिकामं आहे. ड्राइव्हवेतला बर्फ उपसायला माणूस हवाच होता, फुकटातला."

"तुझ्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. तुझं तोंड बघायचं नाही मला."

"मला तरी तुझं कुठे बघायचंय? मेव्हिसच्या बाबतीत मी जे बोललो ते पुन्हा बोलेन, रोज जेवताना बोलेन. मार्चपर्यंत ऐकून घ्यायचं. मार्चमध्ये बंदूक मी घेऊन देतो. स्कोपसकट. माझ्या पैशाने."

कॉलिनच्या तोंडून असलं वाक्य कधी कुणी ऐकलं नव्हतं. रोनाल्डने मान वळवली. "मार्चच का?"

"थंडी पडली की गोफर बिळात जाऊन झोपतात, ते मार्चमध्ये उठतात. हे मला मेव्हिसनेच सांगितलंय, तेव्हा तुला ठाऊक नसेल असं नाही." कॉलिनने नजर रस्त्यावरून हलवली नाही. "आत्ता त्या कुरणावर जिवंत असा तू एकटाच उरलायस, रोनाल्ड."